एरंडाचं देवक

नाथाजी हवालदाराने उभी उमेद पलटणीत काढली, पण बंदूक फारशी चालवली नाही. तो स्टोअरला होता. बूट, ब्लँकेटं, पट्टे, मग, कंदिलाच्या काचा, सगळं त्याच्या ताब्यात. खिडकीच्या आत तो आणि बाहेर मागणाऱ्यांची रांग. त्या खिडकीत बसून बसून त्याने एकच शहाणपण गाठीला बांधलं होतं: समोर येऊन उभा राहिलेला माणूस काहीतरी मागायलाच आलेला असतो, आणि गोड बोलत असला तर जास्त मागायला आलेला असतो. पेन्शन घेऊन तो कऱ्हाडजवळ उंबरवाडीला परतला तेव्हा ट्रंकेबरोबर हे शहाणपणही घेऊन आला. गावाला त्याचा फार त्रास झाला.

कुणी रामराम घातला की नाथाजी विचारायचा, "काय काम काढलंस?" दुधाच्या मापात तो बोट बुडवून बघायचा. ऊस वजनाला न्यायचा तर आधी स्वतः काट्यावर उभा राहायचा, कारण स्वतःचं वजन त्याला पाठ होतं. देवापुढे फोडायचा नारळसुद्धा तो दोनदा वाजवून घ्यायचा. पोरं म्हणत, हवालदार सावलीलासुद्धा विचारतो, माझ्या मागनं का येतीस?

एवढ्यावर भागलं असतं तर गाव हसून सोडून देत होतं. पण गावजेवणाची भांडी सांभाळायला त्याच्याकडे दिली आणि घोटाळा झाला. चुलतभाऊ लालासाहेब, दारापुढे दार असलेला, एका ताटात जेवून वाढलेला, त्याच्या थोरल्याचं लग्न होतं. शेवटची पंगत बसलेली, व्याह्याच्या पानात जिलबी पडत होती, आणि नाथाजीने मांडवाच्या कडेला भांडी मोजायला घेतली. मोजली, पुन्हा मोजली, आणि पंगतीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "एक तांब्या कमी भरतोय. कुनाच्या पिशवीत चुकून गेलाय का बघा."

व्याह्याचा हात पानातच थांबला. लालासाहेबाने त्या दिवशी पाहुण्यांचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी तो नाथाजीच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलला, "नाथा, आजपास्नं तुजं सुतक आमाला न्हाई, आन् आमचं तुला न्हाई."

आमच्याकडे भाऊकीची भांडणं काही कमी नाहीत. माणसं बोलणं टाकतात, पाणी टाकतात. पण सुतक तोडणं ही शेवटची पायरी. एरवी एका घरात कुणी गेलं की सात पिढ्यांच्या आतल्या सगळ्या भाऊकीला सुतक लागतं. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, चुलीवर कढई चढवून तळण करायचं नाही, दहाव्याला पुरुषांनी नदीवर जाऊन डोकी करायची, म्हणजे भादरून घ्यायची. सुतक तोडलं म्हणजे तू मेलास तरी आमची कढई चुलीवर राहील, असं तोंडावर सांगणं.

आठवड्याने तो तांब्या नाथाजीच्याच गव्हाणीत सापडला. वासराला पाणी पाजायला कुणीतरी नेला होता. त्याची बायको रंगूबाई म्हणाली, "आवं, जावा आन् सांगून या." नाथाजी म्हणाला, "आता सांगितलं तर म्हनतील, ह्येनंच दडवला हुता." आणि तो गेला नाही.

पुढे काही वर्षांनी रंगूबाई मिरजेच्या दवाखान्यात वारली. तिच्या चितेपाशी नाथाजी रडला नाही, सैन्यातला माणूस म्हणून लोकांनी कौतुक केलं. चौथ्या दिवशी तो ओसरीवर बसला असताना समोरून, लालासाहेबाच्या घरातून, भजी तळल्याचा वास आला. तेव्हा मात्र तो तोंडावर उपरणं घेऊन हमसून हमसून रडला. हे फक्त त्याच्या थोरल्या बहिणीने, बनुबाईने पाहिलं. ती विधवा होऊन माहेरी राहिली होती आणि नाथाजीची धाकटी लेक शालू हिच्यावर तिचा आईइतकाच जीव होता.

त्याच्या आदल्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, रसूल पोस्टमन एक विचित्र पाकीट घेऊन आला होता. तिकिटावर अनोळखी पक्षी, आणि पत्ता असा: "ज्ञानू यांचे घरातील कोणीही जिवंत मनुष्य, मौजे उंबरवाडी, तालुके कऱ्हाड, जिल्हे सातारा." रसूल म्हणाला, "हवालदार, तुमच्यात ज्ञानू कोन?"

ज्ञानू म्हणजे पणजोबाचा धाकटा भाऊ. साताऱ्याला जाऊन येतो म्हणून घरातून गेला तो कधी आलाच नाही. पितरांच्या पंधरवड्यात या घरात एक पान जास्त वाढायची रीत होती, बनुबाई ते पान कोपऱ्यात ठेवताना म्हणायची, "वाट चुकलेल्याचं." नाथाजी ते पानही मोजायचा.

पत्र मॉरिशसहून आलं होतं. लिहिणारा अर्जुना ज्ञानू. आपला पणजोबा ज्ञानू मुंबईहून जहाजात बसला, तिथल्या सरकारी दप्तरात त्याचं गाव नोंदलेलं सापडलं, आम्ही चार पिढ्या इथे ऊसच लावतो, आपण आमचे भाऊ, उत्तर द्यावं, असा मजकूर. मराठी पोथीतल्यासारखी, पण अक्षर मोत्यासारखं.

नाथाजीने पत्र उलटसुलट केलं, उन्हाला धरलं. "ज्ञानू हे आडनाव आसतंय व्हय? आन् मी ऊस लावतो हे ह्येला कुनी सांगितलं?" शाळेत जाऊन त्याने नकाशा बघितला. मास्तरांनी समुद्रात एक ठिपका दाखवला. नाथाजीने नखाने तो ठिपका खरवडून बघितला, माशीने घाण केली असेल म्हणून.

त्याने उत्तर दिलं नाही. दुसरं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, आम्हाला तुमच्या जमिनीतलं काही नको, गैरसमज नसावा. झालं. जो नको म्हणतो तो खिडकीवरचा सगळ्यात बिलंदर गिऱ्हाईक, हे नाथाजीला पलटणीपासून ठाऊक होतं. रंगूबाई गेल्यावर तिसरं पत्र आलं तेव्हा त्याने वैतागून दोन ओळी खरडल्या: बायको वारली आहे, लिहिण्यास सवड नाही.

त्यावर जे आलं ते वाचून शालू चुलीपाशीच बसली. अर्जुनाने लिहिलं होतं, वहिनी गेल्याचं उशिरा कळलं, म्हणून तीनच दिवस सुतक पाळलं. घरात तळण केलं नाही. आम्ही भाऊ आणि मुलगे समुद्रावर जाऊन डोकी करून आलो. काही चुकलं असल्यास कळवावं.

"बघ की रं नाथा," बनुबाई म्हणाली. "दाराम्होरच्यानं केलं न्हाई ते ह्या मानसानं केलं."

"तेच म्हनतो मी. फुकटात टक्कल कोन करून घेतंय? लय मोटं मागनं हाय ह्येचं."

पण ते पत्र त्याने इतरांसारखं पेटाऱ्यात टाकलं नाही. ट्रंकेत युनिफॉर्मच्या घडीत ठेवलं. का ठेवलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मागणं आलं पुढल्या वर्षी. अर्जुनाच्या नातीचं लग्न ठरलं होतं. त्याने लिहिलं, आमच्या वाडवडिलांना देवक असायचं म्हणतात, कोणतं ते आम्ही विसरलो. चार पिढ्या लग्नात नुसता नारळ ठेवतो. आपलं देवक कळवावं.

नाथाजीने मांडीवर थाप मारली. "आलं का न्हाई मागनं?"

देवक म्हणजे कुळीची खूण. कुणाचं झाड असतं, कुणाचं पीस. लग्नाच्या आदल्या दिवशी ते मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणून मांडवात बसवायचं, मग लग्नाला सुरुवात. ते सांगितलं की माणूस कुळीत बसला. उद्या हा कुठेही जाऊन सांगेल, मी उंबरवाडीच्या हवालदाराचा भाऊ. घराची किल्लीच मागतोय की हा, नाथाजीला वाटलं. मग त्याने एक सापळा लावला. त्यांच्या घराचं देवक पंचपल्लव, म्हणजे आंबा, वड, पिंपळ, उंबर आणि जांभूळ. लिहिताना समोर बांधावर एरंड डुलत होता. नाथाजीने लिहिलं, आपलं देवक एरंड. खरा भाऊ असेल तर शंका घेईल, तोतया असेल तर गप्प गिळेल, असा त्याचा हिशेब. न विचारता विश्वास ठेवणारं माणूसही जगात असतं, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

मग एक फोटो आला. मांडवात चाळीसएक माणसं, बायकांची लुगडी आपल्यासारखी, मधे नवरी. मुहूर्तमेढीला एरंडाची ही मोठाली पानं बांधलेली आणि तिच्यापुढे एक टक्कल पडलेला म्हातारा हात जोडून वाकलेला. मागे लिहिलं होतं: "चार पिढ्यांनी देवक घरी आले. वडील असते तर रडले असते."

बनुबाईने फोटो डोळ्यांजवळ धरला. "एरंड कशापायी बांधलाय रं ह्येनी? कुनी सांगितलं?"

"आसंल तिकडची रीत," नाथाजी म्हणाला, आणि उठून रानात गेला. बांधावरचा तो एरंड त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. तोडून टाकावा म्हणून तो कोयता घेऊन गेला आणि तसाच परत आला.

पंच्याहत्तर साली शालूला लोणंदचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घर चांगलं. पण मुलाचा बाप आप्पासो हा नाथाजीच्याच घाण्यातून निघालेला, तसाच संशयी. चहा पिता पिता त्याने विचारलं, "हवालदार, सगळं बेस हाय. पर तुमची भाऊकी कुटं दिसंना?"

"हाय की. लग्नाला येतील."

"आनि लांबची? परमुलखात कोन?"

"कोन न्हाई," नाथाजी ठामपणे म्हणाला.

आप्पासोने मान हलवली, पण बशीतला चहा फुंकत तो समोरच्या बंद दाराकडे बघत राहिला. मांडवात भाऊकी नसली तर मुलगी करायची नाही, असं त्याने मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं. भाऊकी नसलेलं घर म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. नाथाजीला हे कळलं. शालूची ही तिसरी सोयरीक. आधीच्या दोन याच प्रश्नावर मोडल्या होत्या. ही मोडली तर पोर जन्मभर या ओसरीवर बसणार, बनुबाईसारखी. त्याने काय करावं? मलकापुरात केरबा नावाचा एक आडनावबंधू होता, आडनावापलीकडे नातं शून्य. त्याला आणि त्याच्या बायकोला त्याने भाऊकी म्हणून बोलावून आणलं, कारण देवक आणायला भाऊकीतलं नवरा-बायकोचं जोडपंच लागतं.

देवकाच्या दिवशी सकाळी मांडवात आप्पासो व्यवस्था बघायला म्हणून हजर. मागच्या अंगाला आचाऱ्याने बुंदीची कढई चढवलेली. तेवढ्यात रसूल परसात आला, सायकल हातात धरून, आणि न बोलता तार पुढे केली. तार म्हणजे काय ते गावात कुणाला सांगावं लागत नाही.

नाथाजीचा पहिला विचार: लालासाहेब! लगीन मोडायला त्यानेच कऱ्हाडहून केली.

"मॉरिशसची हाय," रसूल हळूच म्हणाला.

बनुबाईने नाथाजीचं मनगट पकडलं. "फोडू नगंस. ऐकल्याबिगार सुतक न्हाई. येकदा देवक बसलं की मग सुतक लागत बी न्हाई. घटकाभराची तर गोष्ट हाय. पोरीकडं बघ."

"हवालदार," रसूल म्हणाला, "मी आजून आलोच न्हाई समजा. सईला सांच्याला पुन्यांदा येतो." आणि तो खरंच सायकल फिरवून गेला.

नाथाजीने तार कोटाच्या खिशात घातली. हलगी वाजू लागली. मारुतीच्या देवळातून मिरवणूक निघाली, केरबाच्या खांद्यावर कुऱ्हाड, त्याच्या बायकोच्या सुपात पाच झाडांच्या डहाळ्या, आणि मागे नाथाजी. जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या उघडून बघणारा हा माणूस आज स्वतःच्या खिशाला हात लावायला धजत नव्हता. लालासाहेब आपल्या दारात उभा होता. त्याने मिरवणूक पाहिली, केरबाला पाहिलं, आणि मान फिरवली.

सुपातली पानं उन्हात चमकत होती. आंबा, वड, पिंपळ. नाथाजी त्या पानांकडे बघत चालला होता आणि त्याला दिसत होता तो म्हातारा, एरंडापुढे वाकलेला. आपण त्याला काय दिलं? रंगूसाठी त्याने डोकं केलं आणि आपण त्याला बांधावरचा एरंड दिला. नाथाजीला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. केरबाने मांडवात पाऊल टाकायला पाय उचलला.

"थांब केरबा," नाथाजी म्हणाला. "आत जाऊ नगंस."

हलगी थांबली. नाथाजीने सगळ्यांसमोर तार फोडली. स्टोअरपुरतं इंग्रजी त्याला येत होतं, आणि त्यात होतं तरी काय: मंगळवारी वडील वारले. खाली अर्जुनाच्या मुलाचं नाव.

"सुतक लागलं," तो म्हणाला. "लगीन थांबवा."

आप्पासो उठून उभा राहिला. "कोन गेलं?"

"भाऊ."

"कुटला? परमुलखात कोन न्हाई म्हनालासा."

"लबाड बोललो. मॉरिशसला हाय. हुता."

"समुद्रापल्याड भाऊ? आन् ह्यो भाऊच कशावरनं?"

अगदी हेच शब्द नाथाजी तीन वर्षं बोलत आला होता. दुसऱ्याच्या तोंडून ते कसे लागतात ते त्याला आता कळलं. "माझी बायकू गेली तवा त्येनं डोकं केलं," तो म्हणाला. "ह्येच्यापरीस माझ्यापाशी दुसरा दाखला न्हाई."

"आनि हे केरबा?"

"ते कोन न्हाईत."

आप्पासोने पायात चपला घातल्या. "दहाव्याला येतो. बघतो कोन कोन तुमच्या सुतकात हाय ते. मग ठरवू."

बनुबाई कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. "पोरीचं वाटूळं केलंस रं! न बघितलेल्या मानसासाटी!" शालू दारात उभी होती. तिने एकदा बापाकडे पाहिलं. मग ती परसात गेली आणि दोन्ही हातांनी फडकं धरून बुंदीची कढई चुलीवरून खाली उतरवली.

"आत्ती, आयच्या वक्ताला त्येंनी तळन केलं न्हवतं," ती म्हणाली. एवढंच बोलली, आणि आत गेली.

मांडवावर टाकलेले हिरव्या डहाळ्यांचे टाळे वाळून गेले. लग्न मोडलं असंच गाव धरून चाललं. नाथाजी ओसरीवर बसून राही, आणि खोटं कशाला सांगा, रोज समोरच्या घराचा वास घेई. आज भजी तळतील, उद्या पुऱ्या तळतील. पण वास आला नाही. तेल संपलं असेल, नाथाजीला वाटलं. किंवा बायको माहेरी गेली असेल.

दहाव्याला तो एकटाच कृष्णेवर गेला. घाटापाशी बाभळीखाली आप्पासो येऊन बसला होता, बोलल्याप्रमाणे. न्हाव्याने पोतं अंथरलं, नाथाजी टोपी काढून बसला. पाणी डोक्याला लावलं तोच मागून पावलं वाजली. लालासाहेब होता, मागे त्याचे तिन्ही मुलगे. त्याने पटका सोडून दगडावर ठेवला.

नाथाजीने ओल्या डोक्याने वर बघितलं. "तुला काय पायजे?"

"जागा पायजे. सरक."

"आप्पासो बसल्यात म्हनून आलास?"

"आप्पासो आज बसल्यात. माज्या घरात धा दिस कढई चढली न्हाई. तुजं नाक कुटं गेलतं?" लालासाहेब त्याच्या शेजारी पोत्यावर टेकला. "ज्ञानू काय तुज्या येकट्याचा हुता व्हय? सात पिढ्यांत मी बी येतो."

न्हावी वस्तरा चालवत राहिला. नाथाजीने कपाळावरून ओघळलेलं पाणी पुसलं. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "लाला, त्यो तांब्या माज्या गव्हाणीत घावला हुता."

"ठावं हाय. रंगूवैनीनं तवाच सांगितलं हुतं."

"आन् तू येवढी वर्सं बोलला न्हाईस?"

"तू कवा सांगतोस ते बघत हुतो," लालासाहेब म्हणाला. "वैनी गेली तवा भजी तळली, ते माज्या बी घशाखाली उतारली न्हाईत."

बाभळीखालचा आप्पासो उठला, धोतर झटकलं, आणि जाता जाता न्हाव्याला मोठ्याने म्हणाला, "नीट कर रं, व्याही हायती माजं."

लग्न पुढच्या मुहूर्तावर झालं. देवक लालासाहेब आणि त्याच्या बायकोने आणलं. भांडी या खेपेला कुणीच मोजली नाहीत. नाथाजीचे हात शिवशिवत होते, पण तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

लग्न झाल्यावर त्याने मॉरिशसला पाकीट पाठवलं. पाच झाडांची पाच पानं, वाळवून, आणि पत्रात खरं काय ते. मी तुमच्या वडिलांना खोटं देवक सांगितलं, मला तुमच्यावर संशय होता, आता माफी मागायला ते राहिले नाहीत. त्यानंतर रसूलची सायकल दिसली की तो आत जाऊन बसायचा. शिव्या आल्या असतील, आणि त्या यायलाच हव्यात, असं त्याला वाटायचं.

उत्तर आलं ते अर्जुनाच्या मुलाचं, बापासारख्याच मोत्यासारख्या अक्षरात. त्याने लिहिलं होतं, पाने पोचली. यापुढे आमच्या घरी पंचपल्लव बसेल. शेजारी एरंडही बसेल, कारण वडिलांनी त्याला हात जोडले आहेत, ते आम्ही कसे टाकावे? काका, प्रकृतीस जपावे.

नाथाजीने पत्र दोनदा वाचलं. मग मागे काही मागितलंय का ते बघायला त्याने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.